जिवाणूंची नावनिशी

जिवाणूचे शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, तसाच हा क्रम. वनस्पती आणि प्राण्यांसाठी ही पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात रूढ केली. आंब्याची किंवा वाघाची नावनिशी करताना पान, मोहोर, दात, पट्टे असे पाहण्याजोगे बरेच काही असते. जिवाणूजवळ तसे फारसे नसते. गोळी, दांडी, स्वल्पविराम, मळसूत्र अशा चार-दोन आकारांतच बहुतेक जिवाणू बसतात. म्हणून त्यांच्या वर्गीकरणाचा इतिहास हा बराचसा पाहण्याच्या साधनांचा इतिहास आहे. नवे साधन हाती आले की जुनी नावे मोडली, नवी घडली. मात्र शेवटी कोणते नाव टिकावे हे साधनाने एकट्याने ठरवलेले नाही. ज्यांना ते नाव रोज वापरावे लागते त्या डॉक्टरांचा, गुरांच्या वैद्यांचा आणि प्रयोगशाळांतील लोकांचाही त्यात हात आहे.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला एक लांबलचक पत्र धाडले. मिरी तिखट का लागते हे शोधण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली होती. त्या पाण्याच्या थेंबात, स्वतः घासून केलेल्या एकाच भिंगातून, त्याला वळवळणारे इवले जीव दिसले. १६८३ मध्ये त्याने दातांवरच्या किटणातील जीवांची चित्रेही पाठवली. त्या चित्रांत दांड्या आणि गोळ्या ओळखू येतात. त्याने त्यांना वेगवेगळी नावे दिली नाहीत. त्याच्या लेखी ते सगळे ‘छोटे प्राणी’ होते, आणि पुढची जवळजवळ शंभर वर्षे त्यापलीकडे कोणी गेले नाही.

लिनियसलाही या जीवांचे काय करावे ते उमगले नाही. हजारो वनस्पती आणि प्राणी शिस्तीत मांडणाऱ्या या माणसाने आपल्या ग्रंथाच्या १७६७ च्या आवृत्तीत सूक्ष्म जीव कृमींच्या वर्गात एका प्रजातीत कोंबले आणि तिला नाव दिले ‘केऑस’, म्हणजे गोंधळ. या नावात प्रामाणिकपणा आहे. त्यानंतर डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिश म्युलरने पहिल्यांदा हा गोंधळ निस्तरायला घेतला. १७७३ पासून निघालेल्या त्याच्या ग्रंथांत आणि त्याच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ग्रंथात शेकडो सूक्ष्म जीवांची वर्णने आहेत. थरथरत पोहणाऱ्यांना त्याने ‘व्हिब्रिओ’ म्हटले. पटकीच्या जिवाणूचे आडनाव आजही हेच आहे, जरी म्युलरच्या व्हिब्रिओंत आज कृमी मानले जाणारे जीवही होते.

बर्लिनच्या क्रिस्टियान गोटफ्रीड एरेनबेर्गने १८३८ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ देखणा होता आणि एका बाबतीत साफ चुकीचा. सूक्ष्म जीवांनाही मोठ्या प्राण्यांसारखी पूर्ण इंद्रिये असतात असे त्याचे मत होते. त्याने त्यांना नीळ आणि किरमिजी रंग खाऊ घातले, शरीरात रंगीत ठिपके दिसले, आणि ते ठिपके म्हणजे अनेक जठरे असे त्याने ठरवले. जठरे खोटी ठरली, नावे मात्र राहिली. ‘बॅक्टेरियम’ म्हणजे ग्रीकमध्ये छोटी काठी, ‘स्पिरिलम’ म्हणजे छोटे वेटोळे, ‘स्पायरोकीटा’ म्हणजे वेटोळ्याचा केस, ही तिन्ही त्याचीच देणगी.

जिवाणू प्राणी की वनस्पती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुला होता. ब्रेस्लाऊ येथील फेर्डिनांड कोन हा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने त्यांना वनस्पतींकडे ओढले. कार्ल नेगेलीने १८५७ मध्ये त्यांना ‘दुभंगणाऱ्या बुरश्या’ म्हटले. पुढे जिवाणूंच्या नावांना वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्राचे नियम लागू राहिले त्याचे मूळ इथे आहे. कोनने १८७२ मध्ये जिवाणूंचे आकारावरून चार गट आणि सहा प्रजाती पाडल्या. ‘बॅसिलस’ ही प्रजाती त्यातलीच. वाळलेल्या गवताच्या काढ्यात वाढणारा बॅसिलस सटिलिस उकळल्यावरही का मरत नाही याचे कारणही त्यानेच १८७६ मध्ये दाखवले: या जिवाणूला उष्णता सोसणारे बीजाणू असतात. आपल्या प्रजाती आकारावर बेतलेल्या आहेत आणि सारखे दिसणारे जिवाणू गुणांनी वेगळे असू शकतात, हे कोनला ठाऊक होते. त्याच्या मागून आलेल्यांपैकी अनेकांना ते भान राहिले नाही.

नेगेली आणि शल्यविशारद बिलरोट यांच्यासारख्यांचे म्हणणे कोनच्या उलट होते. जिवाणूंना स्थिर जाती नसतातच, एकच जीव परिस्थितीनुसार कधी गोळी तर कधी दांडी होतो, असे ते सांगत. त्यांनी डोळ्यांनी तसे पाहिलेही होते, कारण त्यांच्या चंबूत एका जिवाणूबरोबर दुसरे दहा वाढत होते. ज्याला वेगळे काढता येत नाही त्याला नाव देऊन उपयोग नाही. हा पेच तत्त्वचर्चेने सुटला नाही, तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी सुटला.

रॉबर्ट कॉख हा खेड्यापाड्यांत काम करणारा जर्मन डॉक्टर. १८७६ मध्ये तो काळपुळीच्या जिवाणूचे आपले प्रयोग दाखवायला ब्रेस्लाऊला कोनकडे गेला आणि तिथून त्याचे नाव झाले. जिवाणू एकटा वाढवायचा तर घट्ट पृष्ठभाग हवा, हे त्याच्या लक्षात आले. उकडलेल्या बटाट्याच्या कापावर जिवाणूंचे वेगवेगळ्या रंगांचे ठिपके उगवत. प्रत्येक ठिपका एका जिवाणूची संतती. बटाट्यावर सगळे जिवाणू वाढत नसत म्हणून त्याने १८८१ मध्ये जिलेटिन वापरले, पण ते उन्हाळ्यात वितळे आणि काही जिवाणू ते चक्क पचवत. यावरचा उपाय फानी हेस हिने सुचवला. ती कॉखच्या सहकाऱ्याची, वाल्टर हेसची पत्नी. जावामध्ये राहून आलेल्या एका डच कुटुंबाकडून तिला अगर माहीत झाले होते, आणि ती ते जेली घट्ट करायला वापरत असे. समुद्रशेवाळापासून काढलेला हा पदार्थ मराठी घरांत चायना ग्रास म्हणून ओळखला जातो. एकदा थिजला की शरीराच्या तापमानाला तो वितळत नाही, आणि फार थोडे जिवाणू तो खाऊ शकतात. कॉखने १८८२ च्या क्षयाच्या जिवाणूवरील निबंधात अगरचा ओझरता उल्लेख केला, हेस दांपत्याचा केला नाही. १८८७ मध्ये युलियुस पेट्रीने झाकणाची उथळ काचबशी आणली. बशीला त्याचे नाव मिळाले. अगर पुरवणाऱ्या बाईचे नाव कशालाच मिळाले नाही.

शुद्ध संवर्धन साधल्यावर ओळख पटवण्याच्या युक्त्या भराभर निघाल्या. त्यांत सर्वांत टिकाऊ ठरली ती हान्स क्रिस्टियान ग्रॅमची. हा डॅनिश डॉक्टर १८८४ मध्ये बर्लिनला न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे काप तपासत होता. जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोल, या क्रमाने काप धुतले की काही जिवाणू जांभळेच राहत आणि काहींचा रंग पूर्ण उतरे. ग्रॅमला ही आपल्या पद्धतीतली उणीव वाटली होती. नंतर इतरांनी शेवटी लाल रंग चढवण्याची जोड दिली, आणि रंग धरणारे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह, न धरणारे ते ग्रॅम-निगेटिव्ह अशी जिवाणूंची सरळ दोन घरे पडली. या फरकाचे कारण पेशीच्या भिंतीत आहे. जाड भिंत रंग अडकवून ठेवते, पातळ भिंतीतून तो निसटतो. हे कळायला बरीच दशके गेली, पण तोवर तालुक्याच्या गावातील प्रयोगशाळाही हे रंजन डोळे झाकून करू लागली होती. क्षय आणि कुष्ठरोगाचे जिवाणू मेणचट आवरणामुळे या पद्धतीला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी झील आणि नील्सन यांची आम्लाने धुण्याची पद्धत त्याच सुमारास रूढ झाली, आणि थुंकीच्या तपासणीत ती अजूनही वापरली जाते.

दिसण्याइतकेच खाण्यावरूनही जिवाणू ओळखता येतात. लिव्हरपूलच्या आल्फ्रेड मॅकॉन्की याने विसाव्या शतकाच्या आरंभी पित्तक्षार, दुग्धशर्करा आणि रंग बदलणारे द्रव्य घातलेले माध्यम तयार केले. दुग्धशर्करा आंबवणाऱ्या जिवाणूंच्या वसाहती त्यावर गुलाबी होतात, विषमज्वराच्या जिवाणूच्या फिक्या राहतात. दूषित पाणी तपासणाऱ्याला एका रात्रीत उत्तर मिळू लागले. कुठली साखर आंबते, वायू सुटतो का, इंडोल तयार होते का, जिलेटिन विरघळते का, अशा परीक्षांची यादी वाढत गेली आणि त्या उत्तरांच्या तक्त्यावरून जात ठरवण्याची रीत पडली. १९७० च्या दशकात तर वीस छोट्या कुप्यांची एकच प्लॅस्टिकची पट्टी बाजारात आली. कुप्यांचे रंग पाहायचे, त्याचा आकडा तयार करायचा आणि पुस्तकात नाव शोधायचे.

या साऱ्या पद्धतींची कसोटी प्लेगच्या जिवाणूवर लागली. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेग उसळला तेव्हा कॉखचा जपानी शिष्य कितासातो शिबासाबुरो आणि पाश्चर संस्थेशी जोडलेला अलेक्झांडर येर्सिन असे दोघे तिथे जाऊन पोहोचले. कितासातोला रुग्णालयात प्रयोगशाळा मिळाली, येर्सिनला गवताची झोपडी. काही दिवसांच्या अंतराने दोघांनीही जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. पण कितासातोचे संवर्धन शरीराच्या तापमानाला ठेवलेले होते. त्या उष्णतेत न्यूमोनियाचा गोल जिवाणू जोमाने वाढतो, आणि त्याच्या वर्णनात ग्रॅम रंजनाबाबत जो घोळ दिसतो त्याचे कारण बहुधा ही भेसळ असावी. येर्सिनजवळ उबवणपेटीच नव्हती. त्याच्या झोपडीतले तापमान प्लेगच्या जिवाणूला अधिक मानवणारे होते. त्याचे वर्णन स्वच्छ निघाले: ठेंगणी दांडी, ग्रॅम-निगेटिव्ह, दोन्ही टोके गडद.

दोन वर्षांत हा जिवाणू मुंबईत आला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी काखेत-जांघेत गाठी आलेले रोगी पाहून हा ग्रंथिक सन्निपात म्हणजे प्लेगच, असे निदान केले. लस तयार करण्यासाठी सरकारने जिवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांना बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी चंबूतील रसावर तूप किंवा तेल तरंगत ठेवून जिवाणू वाढवला. तुपाच्या थरापासून खाली लोंबणाऱ्या, गुहेतल्या लवणस्तंभांसारख्या धाग्यांत तो वाढला. चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि नवे धागे लोंबू लागत. लशीसाठी भरपूर जिवाणू मिळवण्याची ही सोय होती, पण तीच पुढे प्लेगच्या जिवाणूची ओळखखूण ठरली. भारतीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत तुपाच्या रसातील ही वाढ अनेक दशके छापून येत राहिली. जिवाणू ओळखण्याच्या शास्त्रात तुपाने केलेली ही बहुधा एकमेव भर असावी.

रोग तोच, जिवाणू तोच, नाव मात्र स्थिर राहिले नाही. १८९६ मध्ये लेमान आणि नॉयमान यांनी त्याला बॅक्टेरियम पेस्टिस म्हटले. कोणी बॅसिलस पेस्टिस लिहीत. मग तो पाश्चरच्या नावाच्या पाश्चरेला प्रजातीत गेला आणि तिथे बराच काळ राहिला. १९४४ मध्ये व्हान लॉघेम यांनी त्याच्यासाठी येर्सिनच्या नावाने वेगळी प्रजाती सुचवली, पण यर्सिनिया पेस्टिस हे नाव सर्वत्र रुळायला आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. चाळिशीतल्या डॉक्टरने विद्यार्थीदशेत पाठ केलेले नाव आणि त्याच्या मुलाच्या पुस्तकातले नाव वेगळे, असे घडत राहिले. क्वचित चुकीचे नावही कायमचे चिकटून बसते. रिशार्ट फायफरने १८९२ मध्ये फ्लूच्या रोग्यांत सापडलेला जिवाणू फ्लूचे कारण मानला. फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये हाती लागला, तरी फ्लूपुरता निरपराध असलेला तो जिवाणू आजही हिमोफिलस इन्फ्लुएंझा या नावानेच वावरतो. नियम असा की नाव ही ओळखीची खूण आहे, ती वर्णन म्हणून खरी असलीच पाहिजे असे नाही.

नियम मात्र उशिरा आले. ज्याला जिवाणू सापडे तो नाव ठेवी, आणि जर्मनीत ठेवलेले नाव अमेरिकेत ठाऊक नसे. अमेरिकन जिवाणुशास्त्रज्ञांच्या संघटनेने या पसाऱ्याला आळा घालण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या कामातून १९२३ मध्ये डेव्हिड बर्गी यांचा ओळखग्रंथ निघाला. ‘बर्गी’ हा शब्द नंतर ग्रंथवाचकच झाला. आवृत्त्या जाड होत गेल्या. आंतरराष्ट्रीय नियमावली १९४७ च्या कोपनहेगन परिषदेत मान्य झाली. तरीही जुन्या साहित्यात हजारो नावे पडून होती. एकाच जिवाणूला चार नावे, एका नावाचे तीन जिवाणू, आणि कित्येक नावांमागे तर मूळ जिवाणूच शिल्लक नाही, फक्त पुसट वर्णन.

त्यावर काढलेला तोडगा धाडसी होता. सर्व जुनी नावे तपासायची, ज्यांच्यामागे पुरेसे वर्णन आणि शक्य तिथे जिवंत नमुना आहे तेवढीच यादीत ठेवायची, बाकीची रद्द. ही मान्य नावांची यादी १ जानेवारी १९८० रोजी लागू झाली. हजारो नावांतून दोन-अडीच हजार उरली. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम १७५३ पासून मोजतात, जिवाणूंचा त्या दिवसापासून नव्याने सुरू झाला. सातबाऱ्याचा सगळा जुना वाद मिटवून कोरा उतारा काढावा तसे हे झाले. वनस्पतिशास्त्राला किंवा प्राणिशास्त्राला एवढी साफसफाई कधी जमलेली नाही. तेव्हापासून नवे नाव एका ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे किंवा तिथे नोंदले जावे लागते. पुढे अशीही अट आली की त्या जातीचा मूळ वाण निदान दोन देशांतील दोन सार्वजनिक संग्रहांत जिवंत ठेवलेला असावा.

हे चालू असतानाच जातीची व्याख्या दुसऱ्याच दिशेने बदलत होती. जिवाणूंची नैसर्गिक वंशावळ काढण्याची आशा डेल्फ्टच्या परंपरेत वाढलेल्या व्हान नील यांनी आणि त्यांचे सहकारी स्टॅनियर यांनी १९६२ पर्यंत सोडून दिली होती. आकार आणि आहार यांवरून नातेसंबंध कळत नाहीत, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. इलिनॉय विद्यापीठातील कार्ल वूज यांनी नाते दुसरीकडे शोधले. प्रत्येक पेशीत प्रथिने घडवणारे रायबोसोम असतात आणि त्यांतील आरएनए फार सावकाश बदलतो. ते रेणू तुकडे करून, तुकड्यांच्या छायाफिती प्रकाशपेटीवर ठेवून, वूज वर्षानुवर्षे एका जिवाणूची दुसऱ्याशी तुलना करत बसले. १९७७ मध्ये त्यांनी आणि जॉर्ज फॉक्स यांनी जाहीर केले की दलदलीत मिथेन वायू तयार करणारे ‘जिवाणू’ इतर जिवाणूंचे भाऊबंदच नाहीत. तो जीवसृष्टीचा तिसराच फाटा आहे. आज त्यांना आर्किया म्हणतात. अनेक नामवंतांनी सुरुवातीला हे उडवून लावले. पण लेव्हेनहूकनंतर जिवाणूंच्या वर्गीकरणात इतकी मोठी उलथापालथ दुसरी झालेली नाही.

जातीसाठीही आकडा ठरला. दोन वाणांचे डीएनए एकमेकांशी सत्तर टक्के किंवा अधिक जुळले तर ते एका जातीचे, असे तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये सांगितले. पुढे पूर्ण जनुकसंच वाचता येऊ लागल्यावर पंचाण्णव-शहाण्णव टक्के सरासरी साम्य ही रेषा रूढ झाली. आकडा स्वच्छ, परिणाम अडचणीचे. या मापाने अतिसार-आमांश घडवणारा शिगेला हा आतड्यातल्या ई. कोलायचाच एक प्रकार ठरतो. गुरांना फाशी आणि माणसांना काळपुळी देणारा बॅसिलस अँथ्रासिस, आणि बीटी कापसात ज्याचे जनुक घातले आहे तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस, हे दोघे इतके जवळचे निघतात की त्यांची ओळख मुख्यतः डीएनएच्या सुट्या कड्यांवर, म्हणजे प्लास्मिडांवर, टिकून आहे. आकड्याशी इमान राखायचे तर दोघांना एकच नाव द्यावे लागेल. ते कोणी दिलेले नाही.

प्लेगच्या बाबतीत ते देऊन पाहिले होते. डीएनए तपासल्यावर यर्सिनिया पेस्टिस आणि यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलॉसिस हे एकाच जातीचे दिसले. दुसरा जिवाणू तुलनेने सौम्य पोटदुखी देणारा. त्याचे नाव आधीचे, म्हणून नियमाप्रमाणे प्लेगचा जिवाणू त्याची उपजात ठरला. १९८१ च्या सुमारास तसे नाव रीतसर सुचवलेही गेले. पण प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर लांबलचक नावाचा पहिला भाग वाचून कोणी नमुना साधा समजला तर काय होईल, ही भीती होती. १९८५ मध्ये नामकरणाच्या न्याय आयोगाने ते नाव फेटाळले आणि यर्सिनिया पेस्टिस कायम ठेवले. शास्त्र एक सांगत असताना आयोगाने दुसरे ठरवले आणि ते योग्यच ठरवले. नऊ वर्षांनी, १९९४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीचे आणि सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळले तेव्हा नेमका ओळखीचाच प्रश्न उभा राहिला. जिवाणू वेगळा करून खात्री पटवायला वेळ लागला, हा प्लेग आहे की नाही यावर वाद झडले, आणि तोवर सुरतेतून मोठ्या संख्येने लोक निघून गेले होते. डॉ. रामलिंगस्वामी समितीने पुढे तो यर्सिनिया पेस्टिसच असल्याचा निर्वाळा दिला.

जिवाणूंच्या नावांत गावेही बरीच आहेत. साल्मोनेला या प्रजातीचे नाव अमेरिकन पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचे, जिवाणू मात्र त्यांच्या हाताखालच्या थिओबाल्ड स्मिथ यांनी शोधलेला. रक्तद्रवाच्या परीक्षेने साल्मोनेलाचे अडीच हजारांहून अधिक प्रकार वेगळे करता आले आणि त्यांतल्या बऱ्याच प्रकारांना ते जिथे सापडले त्या गावाचे नाव देण्याची प्रथा पडली. लंडन, डब्लिन, बरेली आणि पूना. डीएनएच्या तपासणीत हे सारे जवळजवळ एकच जात निघाले, तेव्हा पूना जातीवरून प्रकारावर उतरला, पण नाव सुटले नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत मेक्सिकोहून आलेल्या काकड्या खाऊन नऊशेहून अधिक लोक आजारी पडले, ते साल्मोनेला पूनानेच. त्या काकड्यांचा पुण्याशी काडीचा संबंध नव्हता.

पिंपरीचे नाव अधिक मानाचे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिरुमलाचार यांना बुरशीवर चालणारे हॅमायसिन ज्या जिवाणूपासून मिळाले त्याला त्यांनी स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना म्हटले. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी सरोवरातून हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी वेगळ्या केलेल्या एका जिवाणूचे नाव सेसेम्बिया लोनारेन्सिस. त्यातले ‘सेसेम्बिया’ म्हणजे संस्थेच्या आद्याक्षरांनाच लॅटिन रूप दिलेले आहे. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी वरच्या वातावरणातून हवेचे नमुने आणले. त्यांतून हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी २००९ मध्ये तीन नव्या जाती जाहीर केल्या. एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव दिले. आर्यभटाची जात बॅसिलस प्रजातीत फार काळ राहिली नाही. ती प्रजाती फोडताना २०२० मध्ये तिला प्रीस्टिया हे नवे आडनाव मिळाले. त्याच वर्षी दह्याशी नाते असलेल्या लॅक्टोबॅसिलसचेही पंचवीस प्रजातींत वाटप झाले. विरजणातला जुना बल्गेरिकस मूळ घरात राहिला, केसाई मात्र लॅक्टिकेसाइबॅसिलस झाला. हे नाव उच्चारायला लॅटिनच्या प्राध्यापकालाही दम घ्यावा लागेल.

रुग्णालयातील ओळख आता बशीवरच्या रंगांवर फारशी अवलंबून नाही. मोठ्या प्रयोगशाळांत वसाहतीचा कण लेझरखाली धरतात, प्रथिनांच्या वजनांचा आलेख निघतो आणि काही मिनिटांत यंत्र नाव सांगते. जुन्या अवशेषांतील ओळखही शक्य झाली आहे. लंडनमधील चौदाव्या शतकाच्या प्लेगच्या दफनभूमीतील दातांतून २०११ मध्ये यर्सिनिया पेस्टिसचा जनुकसंच जुळवण्यात आला. यंत्राला मात्र जे नाव त्याच्या यादीत आहे तेवढेच सांगता येते, आणि ती यादी बनते संग्रहांत जपलेल्या मूळ वाणांवरून. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र, तर चंदीगडमध्ये एमटीसीसी हा संग्रह, हे वाण जपण्याचे काम करतात.

माती, समुद्र आणि आतडी यांतील बहुसंख्य जिवाणू अजून कोणत्याही बशीवर वाढलेले नाहीत. त्यांचा फक्त डीएनए वाचलेला आहे. जिवंत वाण जमा केल्याशिवाय अधिकृत नाव नाही, या नियमाने ते सारे नावाबाहेर राहतात. त्यांना ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, या उपाधीखाली तात्पुरते नाव देतात. जनुकसंचालाच मूळ नमुना माना ही मागणी आंतरराष्ट्रीय समितीने मतदानाने फेटाळली, तेव्हा तिच्या पुरस्कर्त्यांनी २०२२ मध्ये ‘सीक्वेन्स कोड’ नावाची वेगळी नियमावलीच काढली. सध्या जिवाणूंच्या नावांसाठी दोन नियमावल्या शेजारी शेजारी चालू आहेत.